अर्थिंगमामू

अर्थिंगमामू कुणाच्याही घरी गेले, की बूड टेकायच्या आधी घरामागे चक्कर मारून येत. गळकी वीज जमिनीत मुरावी म्हणून मीठ-कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डा कोरडा दिसला, की चहा राहिला बाजूला. स्वतः बादली आणून ओतत. तामलवाडीतल्या निम्म्या घरांची वायरिंग त्यांच्या हातची. जेवतानाही घास तोंडात आणि डोळे मीटरवर. मामी वैतागायच्या, "अवो, मीटर कुठं पळून जात न्हाय, जेवा की!"

ते माझे सख्खे मामा नव्हेत. वडिलांचे दोस्त, म्हणून सगळ्या घराचे मामू. मी जुना टेम्पो घेऊन त्याची घरगाडी केली, तेव्हा त्यांची झोपच उडाली. आत पलंग, कूलर, छोटा फ्रीज. मुक्कामाला लॉजच्या कुठल्याही सॉकेटला वायर जोडली की झालं, असं मी धरून चाललो होतो. "वीज ती वीजच, मामू," असं वर शहाणपणाने म्हणालोही.

मामू उखडले. "खोलीतलं सॉकेट मोबाईल चार्ज करायला असतं बेटा, त्याच्यावर आख्खं घर लावणार व्हय? वायर वितळंल. जाड पिनेचं माग. अन् घर मातीत रुतलेलं असतं, तुझी गाडी रबरावर उभी हाय. पत्र्यात करंट उतरला तर जाईल कुठनं? हात लावणाऱ्या माणसातनं! पहिला मुक्काम माझ्याच दारात कर. म्या बघतो."

मे महिन्यात गाडी त्यांच्या अंगणात लावली. मामूंनी स्वतः जोडणी केली आणि लगेच शेजाऱ्याचा पंखा बघायला पळाले. तेवढ्यात माझी चार वर्षांची चिनू नळाखालून ओल्या, अनवाणी पायांनी धावत आली, गाडीच्या दाराला हात लावला आणि किंचाळून मागे पडली.

तिला सुदैवाने काही झालं नाही, पण किंकाळी ऐकून धावत आलेले मामू आधी घरामागे गेले. गावभर बादल्या ओतणाऱ्या माणसाचा स्वतःचा खड्डा ठणठणीत कोरडा पडला होता. पण मूळ चूक माझी. कपाट बसवताना माझ्या स्क्रूने वायर सोलली होती. करंट तिथूनच पत्र्यात उतरला. मामूंनी तो स्क्रू पाहिला, काढला आणि सगळ्यांसमोर एवढंच म्हणाले, "खड्डा माझा हाय." मी तो स्क्रू खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खड्डा उकरून नव्याने भरला, वायर बदलली, करंट गळताच आपोआप पडणारा स्विच बसवला, दहादा तपासलं. तरी त्यांना चैन पडेना. चपला काढून ओल्या मातीत उभे राहिले आणि गाडीचं दार मुठीत धरलं.

"लाव बटन."

"मामू, नको ना."

"लाव म्हणतो न्हवं!"

मी लावलं. कूलर घरघरू लागला. मामू तसेच उभे. "आता पोरीला बोलाव. तिला दिसू दे, भ्यायचं काम न्हाय म्हणून."

चिनू आईच्या मागे लपली. किती बोलावलं, तरी आली नाही.

पुन्हा तिकडे जायचं राहूनच गेलं, आणि यंदा मामू गेले. मला फार चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. त्यांचं नाव निघालं की चिनू अजून विचारते, "ते शॉकवाले आजोबा?" स्क्रू माझा होता, हे मी तिला सांगितलेलं नाही.