निर्गुडीचा अर्क

भाचीच्या फार्मसी कॉलेजात तिच्या सरांनी मोठ्या हौसेने प्रयोग दाखवला. निर्गुडीचा अर्क पाजलेला पांढरा उंदीर त्यांनी तापलेल्या पत्र्यावर ठेवला. बऱ्याच वेळाने त्याने पोळलेला पंजा चाटला.

"बघा, वेदना उशिरा कळली!" सर हसले.

मला त्या हसण्याची शिसारी आली. निर्गुडीचा पाला आपण पिढ्यान्‌पिढ्या दुखऱ्या गुडघ्याला बांधतो. आपल्या गुडघ्यांची साक्ष पुरत नाही, म्हणून ज्याचं काहीच दुखत नव्हतं त्याला भाजून विचारायचं!

"झालं ना आता?" मी विचारलं.

"छे! आता अर्क न देता दुसरा ठेवायचा. फरक दिसायला हवा."

भाचीने दुसरा उंदीर उचलला. तिच्या ओंजळीत तो निवांत मिशा साफ करत होता. मी निघालो. सरांनी पुढे केलेला हात माझ्याने धरवला नाही.