सगळ्यात वरची तोटी

ऑक्टोबर लागला की रुफा मावशी घर सोडत नसे. बहिणीच्या नातीचं लग्न असो की डॉक्टरकडचा नंबर, "पाणी येऊन जाऊ दे, मग बघू," एवढंच म्हणायची. उरलमधल्या आमच्या पाच मजली इमारतीत ती सगळ्यात वर राहायची, आणि वर राहणाऱ्याच्या गळ्यात एक काम पडलेलंच असतं. बॉयलरघरातून गरम पाणी सुटलं की ते एका पाइपानं तळापासून वर चढतं, वाटेत एकेका घराचा रेडिएटर तापवतं, सगळ्यात वरच्या घरात वळतं आणि दुसऱ्या पाइपानं खाली उतरतं. उन्हाळाभर पाइपांत भरलेली हवा मात्र नेमकी वर येऊन अडकते. वरच्यानं रेडिएटरची बारीक तोटी उघडून ती सोडली नाही, तर पाणी जागचं हलत नाही आणि खालची चारही घरं कुडकुडत बसतात.

मावशी तोटीखाली वाडगा धरायची. फुस्स फुस्स करत हवा निघायची, मग गढूळ पाणी यायचं. ऊब पोचली की खालची माणसं चमच्यानं पाइपावर टकटक करायची. तळमजल्यावरची निला शिवणाचं अंगुस्तान बोटात घालून वाजवायची. दोनदा, मग जरा थांबून एकदा. म्हणजे, "पोचलं गं!" वीस वर्षं दोघींचं हे चाललं होतं.

आणि एका सप्टेंबरात दारापुढच्या बाकावर निला चार बायांसमोर बोलून गेली, "रुफाचा नवरा पळाला कुठला? सुटला बिचारा!" बाया फिदीफिदी हसल्या. मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. पाणी सुटलं त्या दिवशी तिनं तोटीला हातच लावला नाही. प्लंबर आला, तर त्याला दारातूनच "मी सोडलीय हवा, तुझ्या बॉयलरात बघ" म्हणून वाटेला लावलं. स्वतः ओव्हरकोट घालून नाक लाल करून बसली, पण हट्ट सोडेना. एवढी मोठी बाई आणि अक्कल केवढीशी! तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी तिनं तोटी उघडली. खालून निलाची टकटक आली, पण फार हळू. तोवर तिच्या छातीत कफ धरला होता. महिन्याच्या आत निला गेली.

त्याला आता एकोणीस वर्षं झाली. मावशीनं हे कुणाला सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार? पण दर ऑक्टोबरला पाणी आलं की सगळ्यात खालून ती टकटक यायचीच. दोनदा, थांबून एकदा. मावशी दोन्ही कान झाकून बसायची. निलाच्या घरात आता राहणारा तिचा मुलगा येफिम वाजवत असेल, अशी मावशी स्वतःची समजूत घालायची. त्याला विचारायची मात्र छाती होत नव्हती.

यंदा संधिवातानं तिची बोटं वाकडी झाली आणि तोटीची किल्ली फिरेना. येफिमला लेक झाली होती, चार दिवसांची. संध्याकाळी बायको बाळाला घेऊन घरी यायची होती. पुन्हा तेच घर, पुन्हा तोच गारठा! मावशी धडपडत जिना उतरली.

"मावशी, तू कशाला उतरलीस?" येफिम म्हणाला. "वरून हाक मारायची की!"

"दरवर्षी तू वाजवतोस का रे?" तिच्या तोंडून निसटलंच.

"मी? आमच्याकडचा पाइप मी केव्हाच प्लास्टिकचा केला. त्यावर वाजवून तुला काय ऐकू जाणार, कपाळ?"

मावशीनं नुसती वाकडी बोटं त्याच्यापुढे धरली, "तोटीची किल्ली फिरत नाही रे." येफिमनं घराला कुलूप लावलं आणि तिला हाताला धरून वर आणलं. त्यानं तोटीला किल्ली लावली, तशी तिनं त्याचं मनगट धरलं. "थांब. आधी ऐक." आणि तिनं ते तीन दिवस त्याच्यापुढे ओतले.

येफिमनं किल्लीवरचा हात काढला.

"आईला ठाऊक होतं," तो म्हणाला. "मी वर येऊन तुझं दार तोडणार होतो. तिनं बाही धरली. म्हणाली, माझ्याच जिभेला हाड नाही. रुफाचा राग उतरला की ती आपणहून सोडेल, तू जाऊ नकोस."

मावशीला रडू आवरेना. "मग तू तरी शिव्या द्यायच्यास रे मला!"

"दिल्या की. एकोणीस वर्षं देतोय, मनातल्या मनात," असं म्हणून त्यानं किल्ली फिरवली.

हवा निघाली, पाणी आलं. थोड्या वेळानं खालच्या तीन घरांतून चमचे वाजले. मग सगळे गप्प झाले, आणि अगदी तळातून आलं. दोनदा. थांबून एकदा.

येफिमचा हात खिशातल्या घराच्या चावीवर गेला. "घरात कुणी नाही," तो म्हणाला. "आणि आईचं अंगुस्तान तिच्याबरोबरच पुरलंय आम्ही."

मावशीनं या वेळी कान झाकले नाहीत. त्याच्या हातातली किल्ली घेतली आणि त्या वाकड्या बोटांनी आयुष्यात पहिल्यांदा वरून पाइपावर वाजवलं. दोनदा, थांबून एकदा.

"पोचलं गं, निला," ती म्हणाली.

दोघं पाइपाला कान लावून बसली. खालून पुन्हा काही आलं नाही. पाइप गरम झाला होता, तरी मावशीनं गाल काढला नाही.