शेकोटीचा सीन

माझ्या एकुलत्या एका मुलीचं ठरत आलेलं लग्न मी एका गुरुवारी दुपारी, घरच्या सोफ्यावर बसून, जवळजवळ मोडलं.

गुरुवार अशासाठी, की आमच्या कंपनीला सुट्टी त्या दिवशी. (आमच्या चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यात रविवार म्हणजे नुसताच एक वार!) मीनलनं मुलगा स्वतःच पसंत केला होता. अडलं होतं ते त्याच्या वडिलांच्या, कुरुळीच्या तात्यांच्या, होकारावर. तात्या आणि काकू पुनावळ्याला आमच्या फ्लॅटवर आले. पोहे झाले, चहा झाला. पण माझ्या प्रत्येक प्रश्नाला तात्यांचं उत्तर एकच. प्रवास बरा झाला? "व्हय." ऊन फार आहे? "व्हय." कोणत्या रस्त्यानं आलात? "व्हय." मला बसल्या जागी घाम फुटला!

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "आमच्या वेळी ते परदेशी गुप्तहेराचे सिनेमे यायचे..."

तात्या ताठ बसले. "बर्फावरून पळत्यात त्यो? हिंदीतला? जत्रंत, टेंटमदी बघितलाय आमी!"

उत्साहाच्या भरात मी तो टीव्हीवर शोधून लावला. गोळीबार सुरू झाला, तात्या खुलले, रिमोट त्यांच्या मांडीखाली गेला. आणि मग मला आठवलं. बर्फावरचा पाठलाग संपला की नायक-नायिका एका घरात शिरतात, शेकोटी पेटवतात, आणि पुढे बराच वेळ जगावरचं संकट दोघांच्याही लक्षात राहत नाही!

मी स्वयंपाकघरात धावलो. "सुनीता, शेकोटीचा सीन येतोय!"

"मग मी काय करू? पाणी ओतू?"

"अगं, *तसला* सीन!"

बायको पांढरी पडली. "आणि तुम्ही तो काकूंसमोर लावलात? निस्तरा आता!"

मी चिवड्याची बशी घेऊन टीव्हीसमोर उभा राहिलो. तात्या म्हणाले, "सरका की राव." मी रिमोट मागितला. तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, चांगलं चाललंय." पडद्यावर बर्फ संपत आला. मीनल माझ्या कानात म्हणाली, "बाबा, तुमचा चेहरा बघून मला भीती वाटतेय. प्लीज काही करू नका."

पण बापाचं काळीज! दारामागच्या चपलांच्या रॅकवर चढून मी मेन स्विच पाडला. दिवे गेले, फ्रिज गेला, एसी गेला. टीव्ही तेवढा राहिला. (गेल्या उन्हाळ्यात दिव्यांऐवजी तोच मी हट्टानं इन्व्हर्टरवर घेतला होता.) पडदे ओढलेले, दिवे गेलेले, हॉलचं थेटर झालं! त्या अंधारात ते दोघं घरात शिरले. त्यानं काडी ओढली...

"तात्या, डोळे मिटा!" मी ओरडलो, आणि रॅकसकट खाली आलो.

तेवढ्यात पडद्यावर दार फुटलं, खलनायक आत आला आणि पुन्हा गोळीबार सुरू झाला. बस्स. बाकी काहीच नाही!

तात्यांनी चपलांच्या ढिगात पडलेल्या माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "तुमी ज्याला भ्यालात, त्ये ह्या पिच्चरमदी न्हाई. त्ये ह्येच्या फुडच्या पिच्चरमदी. तितलं घर लाकडाचं हाय, ह्यातलं दगडाचं."

काकूंची मान हळूहळू तात्यांकडे वळली. "तुमाला बरं म्हाईत! त्यो फुडचा लागला, तवा रोज भजनाला जायचा न्हवं तुमी?"

"आगं, त्ये आपलं... एकदाच..."

"एकदाच? घर कशाचं हाय त्येबी ध्यानात ऱ्हायलं?"

तात्यांच्या कपाळावर आता माझ्यासारखाच घाम आला. त्यांनी घाईघाईनं विषय बदलला, "भाऊ, पोरगी आमाला पसंत हाय! सुपारी आणा, आत्ताच फोडू!"

सुपारी फुटली. मी कंबर धरून छाती फुगवली आणि मीनलला म्हटलं, "बघितलंस? बापानं जमवलं की नाही?"

"जमवलंत ना," माझी पाठ शेकत ती म्हणाली. "आता लग्नात तुमचं काम एकच, बाबा. अक्षता टाकायच्या. त्याही लांबून."