चतुर्थीचा जिताडा

रेवदंड्याच्या खाडीजवळ आमची नेहमीची बसायची एक परमिट रूम होती. सात टेबलं, त्यांतली दोन डुगडुगणारी. स्वयंपाकघर काकींचं आणि गल्ला त्यांच्या नवऱ्याचा. त्यांना सगळे शेठ म्हणत. नियम दोनच. कालवणाचं पार्सल मिळणार नाही, कारण काकींच्या मते कालवण डब्यात मरतं. आणि माशाचं डोकं गिऱ्हाइकाला नाही, ते शेठचं. पहिल्या वर्षी मी एकदा डोकं मागून पाहिलं होतं. काकींनी माझ्याकडे असं बघितलं, की पुढची एकवीस वर्षं मी तुकड्यांवर समाधान मानलं.

गुडघ्यांनी दगा दिला म्हणून दोघं मुलाकडे पनवेलला जायला निघाली. जागा विकली गेली. नवा मालक तिथे कॉफीचं दुकान काढणार होता. शेवटच्या आठवड्यात काकी म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या चौघांना जिताडा घालते. दिवस तुम्हीच ठरवा, तुमचं गणित बरं हाय."

नेमक्या या कौतुकाने घात केला. आमच्याकडे तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते. होड्या भरतीला खाडीत शिरतात. प्रतिपदेला पाऊण वाजता भरती, म्हणजे मासा संध्याकाळपर्यंत बर्फात पडून राहणार. चार गुणिले पाऊण, तीन. साडेतीनला मासा काठावर, सातला ताटात. शिवाय तो त्यांचा शेवटचाच दिवस. मी बाकीच्या तिघा दोस्तांना कळवून टाकलं.

त्या दिवशी सकाळी बायकोने माझ्यासमोर साबुदाण्याची खिचडी ठेवली.

"आज काय?"

"संकष्टी. वद्य चतुर्थी."

चारला पाऊणने गुणताना मला तो चार नुसता आकडा वाटला होता. बावीस वर्षं मी संकष्टी करतो. अधिक महिने धरून दोनशे बहात्तर झाल्या, एकही चुकलेली नाही. दोनशे त्र्याहत्तरावी मोडायची, की काकींच्या हातचा शेवटचा जिताडा सोडायचा? मी खिचडी खाल्ली.

संध्याकाळी पोचलो तर मास्तर आणि नारळाच्या वाडीवाले आधीच तोंड पाडून बसले होते. दोघांचीही संकष्टी. चौथा आमचा रिक्षावाला. तो काहीच पाळत नाही आणि त्या दिवशी फार आनंदात होता.

"कोणी ठरवला हा दिवस?" मास्तरांनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं. शाळेतही ते असंच विचारत असणार.

काकी बाहेर आल्या. "मला चौथ ठाऊक व्हती. वाटलं, तुम्ही पाळत न्हाय. जिताडा चिरून ठेवलाय. आठ तुकडे."

"बियर तरी चालेल ना?" वाडीवाल्यांनी आशेने विचारलं.

"बार्लीची असते. धान्य," मी म्हणालो.

"तू आता बोलूच नकोस."

शेवटी बावीस वर्षांच्या त्या बारमध्ये आम्ही तिघांनी लिंबू सरबत आणि उकडलेल्या शेंगा मागवल्या. शेठनी सरबत काचेच्या मोठ्या ग्लासांतून दिलं, तेवढाच मान. रिक्षावाल्याने आमच्यासमोर दोन तुकडे खाल्ले, काटे चोखून चोखून. "मीठ जरा कमी हाय," तो आमच्या समाधानासाठी म्हणाला. ते खोटं होतं. वासावरून कळत होतं.

"चंद्र उगवल्यावर बी मासा चालत न्हाय?" काकींनी विचारलं.

"नाही."

"मग सूर्य उगवल्यावर या. आठ वाजता चावी द्यायचीय, त्याच्या आधी."

दुसऱ्या दिवशी पावणेसातला आम्ही दारात उभे होतो. टेबलं रात्रीच टेम्पोत चढली होती. बियरच्या रिकाम्या क्रेटवर बसलो. बाहेर सूर्य दिसेपर्यंत मास्तरांनी कुणाला भाकरीला हात लावू दिला नाही.

सहा तुकडे, तीन माणसं, प्रत्येकी दोन. हिशोब चोख होता, पण रिक्षावालाही हजर होता.

"मी नुसता भेटायला आलोय," म्हणत त्याने क्रेट पुढे ओढली. मग मास्तरांनी एक तुकडा त्याच्याकडे सरकवला, वाडीवाल्यांनी अर्धा. मी माझे दोन नीट बघून घेतले, आणि त्यांतला एक दिला. दिवस माझ्यामुळे चुकला होता.

कालवण रात्रभर मुरलं होतं. ते कालपेक्षा चांगलं लागत असणार, असं मी म्हणालो. काल जेवलेल्या एकमेव साक्षीदाराने तोंड भरलेलं असल्याने नुसती मान हलवली.

तेवढ्यात काकींनी माझ्या ताटात पातेल्यातून काहीतरी मोठं सोडलं. डोकं होतं. मी शेठकडे पाहिलं. ते भिंतीवरचं कॅलेंडर काढत होते, पाठ आमच्याकडे.

"हे तर शेठचं," मी म्हणालो.

"त्यांनीच सांगितलं. आठ तुकडे मोजत बसलात, डोकं धरलंच न्हाय तुम्ही हिशोबात."

मला कुठून सुरुवात करावी ते कळेना. बावीस वर्षांत सवय नव्हती. काकींनी समोर बसून दाखवलं, आधी गालाचं मांस, मग डोळ्यामागचं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. नवा मालक चावीसाठी आला होता. तो दारातून आत डोकावला, आम्हाला क्रेटवर बसलेलं बघून जरा गडबडला.

"पाच मिनिटं," मी बोटं चाटत त्याला म्हणालो.

चाळीस लागली.