मेस्तांच्या ऐरणीचं मोल

डिचोलीला रस्त्याकडेची एक शेड भाड्यानं मिळाली, त्या दिवसापासून मला ऐरणीची काळजी लागली. भट्टी रचता येते, ब्लोअर विकत मिळतो, हातोडे माझे होतेच. ऐरणीचं तसं नाही. दुकानातली नवी बहुतेक ओतीव बिडाची असते, तिच्या कडा लगेच झडायला लागतात. म्हणून जुनीच्या शोधात होतो. खिशात ट्रकच्या बेअरिंगमधली एक गोळी असायची. ती कोपराएवढ्या उंचीवरून ऐरणीच्या तोंडावर, म्हणजे वरच्या सपाट बाजूवर, सोडून बघायची. तोंड कडक असेल तर गोळी उसळून जवळजवळ हातात येते. मऊ असेल तर धप्प करून पडते. वाळपईला एक बघितली, तिचं पुढचं निमुळतं शिंग मोडून परत वेल्डिंग केलेलं. फोंड्याला भंगारवाल्याकडे दुसरी होती. ती वाजवून बघितली तर आतून चीर गेल्यासारखा आवाज. मी परत परत वाजवतोय बघून भंगारवाला म्हणाला, "तुला लोखंड हवं की घंटा? किलोवर घे नि जा."

अशात पेडण्याहून काकींचा, मला लोहारकाम शिकवलं त्यांच्या बायकोचा, फोन आला. "अरे, आमची ऐरण घरात असताना गावभर कित्या फिरतंस? तेणी तुझ्यासाठीच ठेवलेली. फुकट म्हटलंय तर तू घेवचंस नाय, म्हणान मोल तूच कर."

फोन ठेवला आणि मी शेडमध्ये एकटाच बसून राहिलो. आनंदही झाला आणि भीतीही वाटली. मला चांगलं काही मिळालं की आधी भीतीच वाटते.

मी बार्शीकडचा. सातवीत शाळा सुटली. रस्त्याच्या कामावरच्या टोळीबरोबर गोव्यात आलो, टोळी पुढं गेली आणि मी तापानं पेडण्यात मागं राहिलो. तिथं एका लोहारानं मला आपल्या ओसरीवर झोपू दिलं. इकडे कारागिराला मेस्त म्हणतात. ताप उतरल्यावर मेस्तांनी घण हातात दिला. पहिल्या दिवशी मी भीत भीत हळू मारत होतो, तर ओरडले, "ए घाट्या, लोखंड आसा तां! भाकरी नाय थापूची!" आतून काकी हसल्या आणि त्यांनी मला चहा-पाव आणून दिला. त्या घरात मी लग्न होईपर्यंत जेवलो. गेल्या वर्षी मेस्त गेले.

त्यांची ऐरण त्यांच्या वडिलांच्याही आधीची. अंगावर कुठंतरी आकडे कोरलेले आहेत, असं मेस्त सांगायचे, पण दर दसऱ्याला ते तिला काळा ऑइलपेंट लावायचे. वर्षानुवर्षांच्या थराखाली आकडे गडप झालेले. ती खरी किती जुनी, हे आम्हाला कधी कळलंच नाही. तोंडावर मात्र त्यांनी कधी रंगाचा थेंब पडू दिला नाही.

रविवारी टेम्पो घेऊन गेलो. मेस्तांचा मुलगा अंगणातच वाट बघत होता. तो सुर्ल्याला खाणीचा ट्रक चालवायचा, लोहारकामात कधी बसला नाही. खाण बंद पडल्यापासून घरीच. मला हाताला धरून त्यानं मागं नेलं.

"बघ दादा!"

ऐरण ओंडक्यावर चढवून ठेवली होती, अंगावर रंगाचा कण नाही. बाजूला तीन आकडे स्वच्छ दिसत होते, मधे ठिपके. असे आकडे म्हणजे विलायतेतलं जुनं वजन, किलोच्या आधीचं. तोंडाखाली पोलादाची पट्टी वेगळी जोडल्याची बारीक रेषही दिसत होती. मेस्तांच्या आजोबांच्या काळातली सहज असेल. मी त्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मेस्तांना हे बघायला मिळालं नाही, असं वाटून गेलं.

"रंग काढलास कसा?" मी विचारलं.

"खरवडान निघा नाय. मगे खड्ड्यात लाकडां रचलंय, वर नारळाची सोडणां, आणि बाबांचो ब्लोअर लावलंय. लालबुंद झाली! राखेतच थंड होवक सोडलंय. तुका बरी दिसाक होयी, म्हणान."

पाणी दिलेलं पोलाद असं लाल करून राखेत निववलं की त्याचा कडकपणा जातो. कोयता असता तर परत पाणी दिलं असतं. एवढ्या मोठ्या ऐरणीला परत पाणी देणारा इकडे मला कोणी माहीत नाही. तरी खिशातली गोळी काढली. धप्प. घरंगळत ती त्याच्या पायाशी गेली. त्यानं उचलून माझ्या हातात दिली. त्याला काही कळलं नव्हतं.

मग मी हातोडी मारली. का मारली, माहीत नाही. कदाचित गोळी खोटी ठरेल म्हणून. स्वयंपाकघराच्या दारात काकी आल्या. हाताला पीठ.

"ह्यो तिचो आवाज न्हय," त्या म्हणाल्या.

काकी जवळ आल्या. "मोल कर."

मी चांगल्या ऐरणीचं मोल सांगितलं. मनात ठरवलं होतं तेवढंच, वर थोडं जास्तच. मुलगा खूश झाला. काकी माझ्याकडे बघत राहिल्या.

"तेणी तुका असाच मोल करूक शिकवल्यानी?"

मी म्हणालो, समुद्राकडचे हॉटेलवाले आकडे बघून शोभेला घेतील, चांगले पैसे देतील.

"शोभेक देवची नाय. तुझा मोल सांग. खरा."

मान खाली घालून मी सांगितलं, "भंगाराचं. वजनावर." आणि मग का ते सांगावं लागलं, मुलाच्या समोर. जेवढं हळू सांगता येईल तेवढं हळू सांगितलं. तो नळावर गेला आणि हात धूत राहिला, धूत राहिला.

"त्या मोलान घेतलंस तर देतंय," काकी म्हणाल्या. "जास्त दिलंस तर दारात पाय ठेवू नको."

मी घेतली. दुसऱ्या कुणाला ती का घ्यायची, हेही कळलं नसतं. जाड काम रुळाच्या तुकड्यावर करीन, हिच्यावर विळे-कोयते हलक्या हातानं. प्रत्येक घावाची खूण तिच्या तोंडावर उठणार आहे, ते माहीत आहे.

शेजारचे दोघे आणि टेम्पोवाला मिळून आम्ही ती चढवली. काकी दारातच उभ्या होत्या. मी पाया पडलो, तेव्हा पिठाचा हात त्यांनी माझ्या डोक्यावर तसाच ठेवला. टेम्पो सुरू झाला, तसा मुलगा नळावरून पळत आला आणि मागं चढला. वळणावर ऐरण सरकू नये म्हणून तो तिला दोन्ही हातांनी मिठी मारून बसला. पुढं बस म्हटलं, तर ऐकेना. डिचोलीपर्यंत तसाच आला.