भिंत दादाची

माझा थोरला भाऊ, दादा, प्लंबर. चाळीस वर्षांत घरमालकाला विचारल्याशिवाय त्यानं कुणाच्या भिंतीला भोक पाडलं नाही. अशा माणसाचा कॅन्सर मणक्यात उतरला, तो अंथरुणाला खिळला, तेव्हा आम्ही शहाण्यांनी काय केलं? डॉक्टरबाई म्हणाल्या, "पाठीतून सुई घालून गाठ जाळू, मणक्यात सिमेंट भरू. आजार जाणार नाही, दुखणं कमी होईल." दादाच्या मुलानं परस्पर नकार दिला. म्हणे, या वयात कशाला हाल. मी नंदीबैलासारखी मान डोलावली. चार महिने दादा कूस बदलताना कण्हायचा आणि आम्ही त्याच्या तोंडावर सांगायचो, "याला इलाज नाही."

शेवटी सुनेला ते बघवेना. तिनं त्याला खरं सांगितलं. त्यानं स्वतः सही केली. तासाभराचं काम. दुसऱ्या दिवशी तो भिंत धरून संडासापर्यंत चालत गेला.

परत येऊन खाटेवर बसला. मुलगा रडवेला झाला. "बाबा, तुमच्या काळजीपोटीच..."

"भिंत माझी होती," दादा म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "त्याचं सोड. तू तर काम माझ्याच हाताखाली शिकलास."