मूठभर मसाल्याची चोरी

लालबागला आमचा डंक आहे. डंक म्हणजे मसाला कुटायचं यंत्र. लोखंडी मुसळं वर जातात, धाडकन खाली येतात, आणि शेजारच्या स्टुलावर बसलेली बाई नाकाला पदर लावून शिंकत आपल्या मिरच्यांवर नजर ठेवते. नजर ठेवावीच लागते. आपली बेडगी दुसरीच्या लवंगी मिरचीत गेली तर वर्षभर घरात ऐकून घ्यावं लागतं. मार्च ते मे एवढंच आमचं वर्ष, बाकीचे महिने हळकुंडं, धणे आणि कुणाच्या तरी लग्नाचा गोडा मसाला यांवर निघतात. वडिलांच्या मागे हे सगळं दादा, माझा थोरला भाऊ, बघतो. मी लग्न होऊन दादरला गेले आणि हिंदमाताच्या एका साड्यांच्या दुकानाचं मोबाइलवरचं पान सांभाळते. फोटो टाकायचे, 'ताई, प्राइस?' विचारणाऱ्यांना उत्तरं द्यायची, चिडलेल्या गिऱ्हाइकांना गोड बोलून गप्प करायचं. लोकांना कसं हाताळायचं ते मला कळतं, असा माझा ठाम समज होता. तो समज आम्हांला कुठे घेऊन गेला ते आता सांगते.

आमच्या डंकावर एक रीत होती. मसाला कुटून, चाळून, गार होऊन गिऱ्हाइकाच्या डब्यात भरला की दादा त्यातून एक मूठ काढायचा आणि कोपऱ्यातल्या चिनीमातीच्या बरणीत टाकायचा. ही वडिलांची रीत. गिरण्यांच्या संपात आजूबाजूच्या चाळींतल्या चुली थंड पडल्या तेव्हा त्यांनी ती सुरू केली. संप कधी संपला ते कुणालाच नीट सांगता येत नाही, पण मूठ चालू राहिली. दादा गिऱ्हाइकाला विचारायचा नाही. विचारलं की जिची स्वतःचीच ओढाताण आहे तिची पंचाईत होते, असं त्याचं म्हणणं. जिला द्यायची नसेल ती डबा भरल्याबरोबर झाकण लावायची आणि दादा दुसरीकडे बघायचा. इतकं साधं. कुणी कुणाला काही शिकवलं नव्हतं, तरी सगळ्यांना कळत होतं.

देण्याचीही एक पद्धत होती. वहिनी त्या बरणीतला मसाला पुडीत बांधून ठराविक सहा-सात घरी नेऊन द्यायची आणि म्हणायची, "जरा चव बघून सांगा हं, यंदा धणे जास्त झालेत का." पुडी चांगली अर्धा किलोची. चवीला एवढा मसाला कोण देतं? पण घेणाऱ्या बायकाही कसलेल्या. समोरच्या चाळीतल्या मावशी तर आठ दिवसांनी खरोखरच निकाल सांगायला यायच्या. "तिरफळां कमी पडली गो यंदा," असं सगळ्या गिऱ्हाइकांदेखत सुनावायच्या, आणि दादा मान खाली घालून ऐकून घ्यायचा. मावशी आमच्या नात्यातल्या नाहीत. डंक टाकण्याआधी माझे वडील आणि त्यांचे यजमान गिरणीत एकाच खात्यात कामाला होते, एवढंच.

तर गेल्या मोसमात एक नटी आमच्याकडे आली. तिचं नाव घेणार नाही, घेतलं की पुन्हा सगळं सुरू होईल. मालिकांमधून वर आलेली, गोरीगोमटी, आणि हल्ली कामापेक्षा रागावण्यासाठी जास्त प्रसिद्ध असलेली. महिन्या-दोन महिन्यांनी ती कशावर तरी बहिष्कार टाका म्हणते आणि लोक टाकतात. त्या दिवशी ती 'आजीच्या हातचा मसाला' का असलं काहीतरी चित्रित करायला आली होती. बरोबर दोघं कॅमेरेवाले. ती स्टुलावर बसली, शिंकली, हसली, वहिनीबरोबर फोटो काढला. दादा खूश होता. डबा भरल्यावर त्यानं सवयीनं हात घातला, मूठ काढली, बरणीत टाकली. झाकण लावायचं असतं हे तिला कोण सांगणार? आणि तिला सांगायला हवं हे आम्हांला तरी कुठून सुचणार? तिनं त्या हाताकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि गोड हसून निघून गेली.

संध्याकाळी त्या चित्रीकरणातला एक तुकडा मोबाइलवर आला. दादाचा हात, मूठ, बरणी, आणि वर तिचा आवाज: बघा, तुमच्या डोळ्यांदेखत तुमच्या कष्टाचं कसं चोरतात, आज माझं घेतलं, रोज किती आयाबहिणींचं घेत असतील, अशांकडे जाणं बंद करा. खाली दुकानाचा पत्ता.

मी स्वतःशी प्रामाणिक राहून सांगते, विचारून घ्यायला हवं होतं. नव्या माणसाच्या डब्यात हात घालू नये. पण एका वाक्यात मिटणारी गोष्ट होती ती. 'दादा, हे काय?' असं तिनं तिथल्या तिथे विचारलं असतं तर त्यानं ती मूठ परत घालून वर आणखी एक घातली असती. तिला उत्तर नकोच होतं, याचा मला अजून संताप येतो.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. लालबाग कुठे आहे हे ज्यांना माहीत नाही असे लोक दादाला आईवरून शिव्या देत होते. डंकाचं मोबाइलवर मी काढून दिलेलं पान होतं, त्यावर 'मसाल्यात विटांची भुकटी असते' असं कुणी लिहिलं, त्याखाली शंभर जणांनी माना डोलावल्या. शटरवर कुणीतरी 'मसालाचोर' लिहिलेला कागद चिकटवला. जाता-येता पोरं मोबाइल उंच धरून दादाचं शूटिंग करायची आणि तो कावराबावरा होऊन हात मागे लपवायचा. गिरगावच्या एक बाई, पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक, मिरच्यांची पिशवी घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "माझा विश्वास आहे हो तुमच्यावर, पण मुलं म्हणतात यंदा राहू दे." एप्रिलच्या ऐन भरात डंक दुपारी बंद असायचा. ती शांतता मी जन्मात ऐकली नव्हती.

त्या दिवसांत मला एक गोष्ट आठवली. दोन वर्षांपूर्वी ह्याच नटीनं माहीमच्या एका छोट्या हॉटेलाबद्दल असंच काहीतरी म्हटलं होतं, आणि मी ते पुढे पाठवलं होतं. वर 'असल्यांना धडा शिकवायलाच हवा' असंही लिहिलं होतं. त्या हॉटेलात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. पुढे त्याचं काय झालं हे मी पाहिलंही नाही. दुपारचा चहा प्यायला घेतला आणि विसरून गेले.

पण पश्चात्ताप करत बसायचा माझा स्वभाव नाही. मी दादाला म्हटलं, "आपण खरं काय ते सांगू. मूठ कुणाला जाते ते दाखवू. मावशींना बोलायला लावू."

"मावशीला यात आणायची नाही," तो म्हणाला.

"दादा, तुला कळत नाही रे हे कसं चालतं. माझं रोजचं काम आहे हे."

"नसेल कळत. पण तिला नाही आणायची."

 वहिनी रिकाम्या चाळण्या पुन्हा पुन्हा पुसत होती. त्या चाळण्यांकडे बघून मी ठरवलं की दादाला न सांगता करायचं.

मावशींची खोली दुसऱ्या मजल्यावर. मुलगा कामावर गेलेला. मी सगळं समजावलं तेव्हा त्या लगेच उठल्या, केस सारखे केले, लुगडं नीट केलं. "तुझ्या भावासाठी मी कायव बोलान," म्हणाल्या, "काय बोलूचा तां सांग." मी मोबाइल समोर धरला. त्या म्हणाल्या, "दर वर्षी हे माका मसालो देतत, चव बघूक."

मी थांबवलं. म्हटलं, "मावशी, चव बघायला नाही. तुमची परिस्थिती नाही म्हणून फुकट देतात, असं स्पष्ट म्हणा. नाहीतर लोकांना कळणार नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पुन्हा म्हणाल्या, पुन्हा 'चव बघूक'च तोंडात आलं. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी त्यांनी माझ्याकडे न बघता, भिंतीकडे बघत, मला हवं होतं तसं म्हटलं. मी म्हटलं, "एकदम मस्त!" साड्यांच्या फोटोला म्हणते तसंच.

तो तुकडा मी डंकाच्या पानावर टाकला आणि दोन दिवस तो चाललासुद्धा. माणुसकी, लालबागचं काळीज, डोळ्यांत पाणी आलं, वगैरे. ज्यांनी शिव्या दिल्या त्यांतल्या काहींनी हात जोडले. माझा जीव भांड्यात पडला. दादाला मी ते दाखवलं तेव्हा त्यानं शेवटपर्यंत पाहिलं आणि मोबाइल उलटा करून ठेवला. मला वाटलं, दमलाय.

तिसऱ्या दिवशी त्या नटीनं मावशींचा तुकडा हसतहसत पुन्हा टाकला. 'आता आजी आणली आहे,' एवढंच म्हणाली. मग काय! भाड्याची आजी, किती दिले आजी, आजी नीट पाठ करा. मावशी भिंतीकडे बघतात तेवढाच भाग कापून त्याला विनोदी संगीत लावलं गेलं. त्यांच्याच चाळीतल्या कुणीतरी लिहिलं की हिचा मुलगा चांगला कमावतो, हिला मागून खायची हौस आहे. आठवडाभरात ती नटी एका साबणाच्या जाहिरातीवर घसरली आणि तिचे लोकही तिच्यामागून गेले. आमच्यावरचा बहिष्कार कुणी उठवला नाही. कुणी उठवायचा असतो तो?

मावशी मेच्या शेवटी आल्या. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, मी, दादा आणि वहिनी. त्यांनी काउंटरवर डबा ठेवला. त्या वर्षीची पुडी त्यात तशीच होती, दोरासुद्धा सोडलेला नव्हता.

"हो डबो ठेव," त्या दादाला म्हणाल्या. "माझ्या झिलाक कामावर इचारतत, तुझी आवस मागान खाता काय म्हणान. तो माझ्याशी बोलणा नाय."

दादा काउंटरच्या बाहेर आला आणि त्यांच्या पाया पडला. मी काहीतरी बोलायला गेले. मावशी म्हणाल्या, "तुका माका काय बोलूचा नाय. तू चांगल्यासाठीच केलंस." त्या रागावल्या असत्या तर मला सोसलं असतं. त्या जिना उतरतात तशा सावकाश दुकानाची एकच पायरी उतरल्या आणि गेल्या. दिवाळीआधी मुलानं खोली भाड्यानं दिली आणि तो त्यांना घेऊन विरारच्या पुढे कुठेतरी राहायला गेला. पत्ता आम्हांला दिला नाही, आणि मागायचं तोंड आम्हांला नव्हतं.

यंदाच्या मोसमात निम्मी गिऱ्हाइकं आली. दोनपैकी एक यंत्र बंद आहे. दादा मूठ काढत नाही. बरणी वहिनीनं घासून घरी नेली. बाकीच्या पाच-सहा घरांना पुडी द्यायला ती एकदा निघाली होती, विकत घेतलेल्या मिरच्यांची. पहिल्याच दारात बाई म्हणाली, "नको गं, उद्या आमचापण व्हिडीओ येईल." वहिनी तिथूनच परतली.

मी तो तुकडा आमच्या पानावरून त्याच दिवशी काढला होता, मावशी डबा ठेवून गेल्या त्या दिवशी. पण तो आमच्याकडे कुठे राहिला होता? कुणाकुणाच्या पानावर आहे, विनोदांच्या संग्रहात आहे, 'आजी नीट पाठ करा' हे आता मावशींना कधीही न पाहिलेली मुलं एकमेकांना म्हणतात. सतरा ठिकाणी तक्रार केली. छापील उत्तर येतं की यात नियमबाह्य काही आढळलं नाही.

दर रविवारी मी लालबागला जाते. दादाला मोबाइलमधलं फारसं कळत नाही, तो साधा फोन वापरतो. चहा झाला की तो सहज विचारल्यासारखं विचारतो, "मावशीचं ते दिसतं का गं अजून?"

"नाही रे," मी म्हणते. "गेलं ते कधीच."

"बरं झालं," तो म्हणतो, आणि पुढच्या रविवारी पुन्हा विचारतो.